टोकाचं क्वार्टर आणि खानझोडे

परवा कोलार रोडवरच्या आमच्या सोसायटीत हळदीकुंकवाला एक बाई भेटल्या. बोलता बोलता मी पूर्वी कारखान्याच्या टाउनशिपमध्ये राहायचे हे त्यांना कळलं, तशी त्यांनी खुर्ची ओढून जवळ घेतली आणि म्हणाल्या, "मग तुम्हाला ते टोकाचं क्वार्टर माहीत असेल. जिथं तुळस टिकत नाही ते."

मी म्हटलं, माहीत आहे.

माहीत आहे म्हटल्यावर माणूस गप्प बसतो, पण त्यांनी मला सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगितली. दोन ठिकाणी नावं चुकवली, एका ठिकाणी त्या क्वार्टरात आधी राहणाऱ्या वर्मांच्या बायकोला त्यांची बहीण करून टाकलं, पण जिथं थांबायचं तिथं बरोबर थांबल्या. त्या थांबण्यावरून मी ओळखलं की गोष्ट अजून खानझोडेचीच आहे. खानझोडे निवृत्त होऊन मुलाकडे नागपूरला गेला आणि तिकडेच वारला, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. गोष्ट मात्र भोपाळमध्ये मजेत आहे. घरी आल्यावर मी चहा टाकला आणि आधण येईपर्यंत त्याला मनातल्या मनात यथेच्छ शिव्या घातल्या.

त्याच्याविषयी मी एकेरीत लिहिते आहे. तोंडावर अहोजाहो करत होते, कारण तो आमच्या ह्यांच्यापेक्षा वयानं मोठा होता आणि शेजारी होता. मनात तो पहिल्यापासून 'तो'च होता. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं असं म्हणतात, पण चांगलं लिहिण्याजोगं जे होतं ते त्याच्या बायकोत होतं. तिच्याबद्दल मी लिहीनच.

खानझोडे कारखान्याच्या भांडार विभागात हेडक्लार्क होता. उंच, खांद्यातून किंचित वाकलेला, डोळे सदा ओलसर. त्या डोळ्यांमुळे त्याचं बोलणं आतून येतंय असं लोकांना वाटायचं. खरं तर त्याला धुळीचा त्रास होता. शर्टाच्या खिशात सुपारीची डबी आणि एक छोटा पितळी अडकित्ता. तो अडकित्ता म्हणजे त्याचं अर्धं भांडवल. बोलता बोलता नेमक्या जागी तो थांबायचा, सुपारी अडकित्त्यात धरायचा आणि कट्‌कन कातरायचा. तेवढा वेळ अख्खी बस श्वास धरून बसायची. सुपारी कातरायला इतका वेळ लागत नाही हे एकाच्याही लक्षात यायचं नाही.

मीही त्याच बसनं जायचे. कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात मी ट्रेसर होते. इंजिनिअर लोकांनी पेन्सिलीनं काढलेलं पारदर्शक कापडावर शाईनं पुन्हा काढायचं, रेघेवर रेघ, हे माझं काम. आपल्या मनाचं त्यात काही घालायचं नाही. एक रेघ जास्तीची पडली तर खाली वर्कशॉपमध्ये लोखंड त्या रेघेप्रमाणे कापलं जाणार. ह्या कामात माझी वर्षं गेली, आणि त्यामुळेच असेल, पण पदरची भर घालणारी माणसं मला सहन होत नाहीत.

खानझोडेला मात्र भरीशिवाय काही येतच नव्हतं. ड्रायव्हरच्या मागं एक उलटी सीट असायची, तोंड प्रवाशांकडे असलेली. ती त्याची. सकाळचा भोंगा होण्याआधी बस टाउनशिपमधून निघायची आणि गेटपाशी पोचेस्तोवर त्याची एक गोष्ट रंगात आलेली असायची. संध्याकाळी तीच गोष्ट पुढं सुरू. परतीच्या वाटेवर त्याचा स्टॉप पहिला होता, माझा त्याच्या पुढचा, आणि बरोबर स्टॉप आला की गोष्टीत कुणीतरी दार उघडत असे, किंवा कुणाच्या तरी हातून पेला पडत असे. हा उतरून चालू लागायचा. बसमधून लोक ओरडायचे, "अरे खानझोडेजी, फिर क्या हुआ?" हा मागं न बघता हात वर करायचा, "कल." त्या एका शब्दासाठी तो दिवसभर खपायचा असा माझा समज होता. भांडारात त्याच्या खिडकीशी उभं राहून वायसर मिळायला किती वेळ लागायचा ते फोरमन लोकांना विचारा.

कारखान्याच्या मोठ्या साहेबांचा एक अल्सेशियन कुत्रा होता, तो एकदा दिसेनासा झाला. साहेबांनी तो भावाकडे जबलपूरला पाठवला होता. साहेबांच्या स्वयंपाक्यानं हे मला स्वतः सांगितलं, पोळ्यांसाठी गहू कुठला घेता हे विचारायला आला होता तेव्हा. खानझोडेनं बसमध्ये सांगितलं की कुत्रा हरवलेला नाही, तो रोज सकाळी भोंग्याला कारखान्याच्या मागच्या गेटवर येऊन बसतो आणि सुटीच्या भोंग्याला उठून जातो. कुणाची तरी वाट बघतो. कुणाची, ते मात्र त्यानं सांगितलं नाही. सुपारी कातरली.

चार दिवसांत अर्ध्या कारखान्यानं तो कुत्रा पाहिला. कुणी म्हणाला कान पडलेले होते, कुणी म्हणाला गळ्यात पट्टा नव्हता. आमचे हे, इंजिनिअर माणूस, घरी येऊन मला म्हणाले, "अगं, आज मलाही ओझरता दिसला." मी म्हटलं, अहो, कुत्रा जबलपूरला आहे. त्यावर ते जरा दुखावले आणि म्हणाले, "जबलपूरला असेल, पण मी पाहिला." बसमध्ये मी जबलपूरचं सांगून पाहिलं. लोकांनी "अच्छा" म्हटलं आणि खिडकीबाहेर बघू लागले.

त्या संध्याकाळी मी खानझोडेला सरळ विचारलं, लोक तुमचं ऐकतात तरी का? तो खूष झाला. हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून बहुधा तो कधीचा थांबला होता.

"वहिनी, लोकांना नवीन काही नको असते," तो म्हणाला. "त्यांना मनातून जे आधीच वाटून राहिलं असते न, ते दुसऱ्या कोणी मोठ्यानं म्हणायला पाहिजे. मोठा साहेब निष्ठुर आहे असं सगळ्यांना वाटूनच राहिलं होतं. मी फक्त कुत्रा दिला."

"आणि खोटं बोललात त्याचं काय?"

"खोटं कुठं? मी म्हटलं वाट बघतो. साहेबानं टाकला असं मी म्हटलं काय? ते त्यांनी म्हटलं." मग बोट वर करून म्हणाला, "एक वस्तू द्यायची वहिनी, हाताला लागेल अशी. बाकीचं ते आपापल्या घरून आणतात. अन् शेवट नाही करायचा. शेवट केला की लोक उठून चालले जातात."

मला राग आला, पण तो खोटारडा होता म्हणून नव्हे. त्याचं म्हणणं बरोबर होतं म्हणून आला. आपल्या आजूबाजूची शिकलीसवरलेली माणसं किती सहज हाती लागतात हे ह्या सुपारी कातरणाऱ्या माणसाला कळलं होतं, आणि त्या कळण्याचा उपयोग तो काय करत होता, तर बसमध्ये टाळ्या मिळवत होता. पुढं त्यानं याहून मोठा उपयोग केला.

आमच्या ओळीच्या टोकाला एक तळमजल्याचं क्वार्टर होतं. पाण्याची टाकी जवळ, त्यामुळे नळाला दिवसभर पाणी. मागं दोन पेरूची झाडं, पुढं अंगण. टाउनशिपमध्ये लोकांनी मुलींच्या लग्नाइतकी चिंता कसली केली असेल तर क्वार्टरची. त्या क्वार्टरात वर्मा नावाचे फोरमन राहायचे. त्यांची दुसऱ्या कारखान्यात बदली झाली आणि क्वार्टर रिकामं व्हायची वेळ आली. ज्येष्ठतेनं खानझोडेच्या पुढं तिघं जण होते. तिघांनीही अर्ज टाकले.

तेव्हा खानझोडेनं बसमध्ये तुळस आणली.

वर्मांच्या बायकोनं म्हणे अंगणात तीनदा तुळस लावली आणि तीनदा ती जळाली. मुळाशी कीड नाही, पाण्याची कमी नाही. "क्यों जली, ये मैं नहीं कह सकता," तो म्हणाला. "वर्माजी बोले, खानझोडे, मुझे कुछ मत पूछो, मेरा ट्रांसफर हो गया, मैं बच गया." आणि अडकित्ता. भूत, बाधा, करणी यातला एकही शब्द त्यानं कधी उच्चारला नाही. वर्मांच्या आधीच्या बिऱ्हाडात एकाचा स्कूटरवरून पडून पाय मोडला होता आणि त्याच्या आधीच्यांचा मुलगा मॅट्रिकला बसला होता तो नापास झाला होता. हे दोन्ही खरंच होतं. पाय कुणाचे मोडत नाहीत आणि मुलं कुणाची नापास होत नाहीत? पण तुळशीच्या शेजारी ठेवल्यावर तो पाय आणि ते मॅट्रिक वेगळंच दिसायला लागलं.

वर्माबाई माझ्याकडे चटणी वाटायला यायच्या, कारण त्यांचा पाटा फुटला होता. त्या अंगणात त्यांनी उभ्या जन्मात तुळस लावली नव्हती. मिरच्या लावल्या होत्या, आणि त्या इतक्या आल्या की आम्हा सगळ्यांना वाटल्या. हे मी प्रत्येकाला सांगितलं. ज्यांनी त्या मिरच्या खाल्ल्या होत्या त्यांनाही सांगितलं. सक्सेनाजी यादीत पहिले होते, त्यांची बायको म्हणाली, "हाँ भाभी, मिर्ची तो कहीं भी हो जाती है. तुलसी की बात और है."

तिघांनी अर्ज मागं घेतले. एकानं मुलांची शाळा लांब पडते असं कारण दिलं, एकानं आईचे गुडघे, सक्सेनांनी भावाचं लग्न. खरं कारण एकानंही सांगितलं नाही, कारण सगळे सुशिक्षित होते. क्वार्टर खानझोडेला मिळालं. ट्रकमधून सामान उतरत होतं तेव्हा तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "वहिनी, काय म्हणता, जमली न गोष्ट?" मी ट्रककडे बघत राहिले. त्याला वाटलं मी थक्क झाले आहे.

आता सुमनताई. सुमनताई म्हणजे खानझोडेची बायको, माहेर अमरावतीचं. ठेंगणी, गोल चेहऱ्याची, कपाळाला मोठं कुंकू. तिला माणसं लागायची. आधीच्या वरच्या मजल्यावरच्या क्वार्टरात तिचं दार कधी लावलेलं नसायचं. कुणी विरजण मागायला येई, कुणी साच्याची चकली कशी करता म्हणून विचारायला, आणि विरजण घ्यायला आलेली बाई तासाभरानं उठायची. नवऱ्याची क्वार्टरची भानगड तिला ठाऊक नव्हती. बसमध्ये ती कधी बसली नव्हती आणि तिच्यासमोर ही गोष्ट काढायला बायकांना संकोच वाटला. अंगण मिळालं म्हणून ती हरखून गेली होती. पहिल्याच आठवड्यात तिनं काय केलं, तर अंगणात तुळस लावली.

ती तुळस वाळली.

ही बातमी दुपारच्या आत ओळीतल्या शेवटच्या घरापर्यंत पोचली आणि संध्याकाळी टाउनशिपबाहेरच्या इंद्रपुरीत गेली. सुमनताई कोड्यात पडली, पण ती कोड्यात बसून राहणारी बाई नव्हती. तिनं खुरपी घेतली आणि खणलं. हातभर खाली चुन्याचे खडे निघाले, विटांचे तुकडे निघाले, सिमेंटचा एक अख्खा गोळा निघाला. क्वार्टर बांधणाऱ्या ठेकेदारानं उरलेला माल तिथंच पुरला होता. वर्माबाईंच्या मिरच्या कुंपणाच्या कडेला होत्या म्हणून वाचल्या. सुमनताईनं तो सगळा राबिट घमेल्यानं बाहेर टाकला, इंद्रपुरीमागच्या शेतातून पिशव्या भरून काळी माती आणली, त्यातल्या दोन पिशव्या मी वाहिल्या, आणि दुसरी तुळस लावली. ही तुळस अशी फोफावली की चैत्रात तिला मंजिऱ्या धरल्या.

पहिल्या तुळशीची बातमी दुपारच्या आत पोचली होती. दुसरीची अजूनही पोचलेली नाही. कोलार रोडच्या त्या बाईंना मी परवा सांगून पाहिली.

चैत्रात तिनं हळदीकुंकू केलं. पातेलंभर आंब्याची डाळ, पन्हं, कलिंगडाच्या फोडी, गौरीपुढं आरास, आणि अंगणात ती तुळस सर्वांना दिसेल अशी जागा मोकळी ठेवलेली. घरोघर जाऊन तिनं स्वतः बोलावणी केली होती. मराठी बायकांना तर केलीच, हिंदी बायकांनाही केली. सगळ्यांनी "हो हो, येतो" म्हटलं होतं.

आम्ही दोघी आलो. एक मी आणि दुसऱ्या शेजारच्या मिश्राजींच्या म्हाताऱ्या आई. त्यांना ऐकू येत नसे, त्यामुळे गोष्ट त्यांच्यापर्यंत गेलीच नव्हती. त्या आनंदानं डाळ खात होत्या आणि मधूनमधून तुळशीकडं बोट करून हातानंच "छान" म्हणत होत्या. सुमनताई दर थोड्या वेळानं फाटकापाशी जायची आणि परत यायची. दिवेलागणीला खानझोडे घरी आला तेव्हा पातेलं तसंच भरलेलं होतं.

"लोक का नाही आले हो?" तिनं विचारलं. रडवेली नव्हती, तिला खरंच कळत नव्हतं.

आणि तो हसला. त्याला वाटलं, सांगितलं की ही पण हसेल. "अगं, ती गोष्ट मीच केली न," तो म्हणाला आणि कुत्र्यापासून तुळशीपर्यंत सगळं त्यानं रंगवून सांगितलं, तिघांचे अर्ज कसे मागं गेले त्याची नक्कलसुद्धा केली. मी पन्ह्याचा पेला हातात धरून बसले होते. सुमनताईनं मध्ये एकदाही त्याला थांबवलं नाही. सगळं झाल्यावर तिनं डाळीच्या पातेल्यावर ताट झाकलं आणि म्हणाली, "मग आता तुम्हीच जाऊन सांगा सगळ्यांना. घरोघर."

तो गेला, एवढं त्याच्या बाजूनं म्हणता येईल. रोज संध्याकाळी दोन-तीन घरं. आणि मी पाहिलं की अख्खी बस मुठीत ठेवणाऱ्या ह्या माणसाला एका दारात उभं राहून खरं सांगता येत नव्हतं. अडकित्ता खिशातच. "ते क्वार्टरचं न, तसं काही नाही. मला पाहिजे होतं म्हणून मी बोललो." बस, एवढंच. लोक चपला घालायच्या बेतात असल्यासारखे उभे राहून ऐकायचे. सक्सेनांकडे मी होते. सक्सेनाजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "खानझोडेजी, घबराइए मत. कोई अच्छा पंडित देखकर शांति करवा लीजिए."

आठवडाभरात टाउनशिपमध्ये नवीन गोष्ट आली. खानझोडे घरोघर जाऊन सांगतो की काही नाही. मुद्दाम सांगतो. का सांगतो? "वो खुद थोड़े ही बोल रहे हैं, उनसे बुलवाया जा रहा है."

हे मी त्याला सांगितलं, तेव्हा त्याचा चेहरा मी नीट पाहिला. शरम येईल असं मला वाटलं होतं. त्यानं मान हलवली आणि म्हणाला, "वा. हे मला नसतं सुचलं वहिनी." त्याला स्वतःपेक्षा सरस कारागीर भेटला होता. मला त्याची खरी किळस आली ती त्या दिवशी.

पुढं काही वर्षं ते तिथं राहिले. नळाला पाणी होतं, पेरू लागत होते, विरजण मागायला कुणी येत नव्हतं. मी जायचे; पण एका बाईच्या जाण्यानं घर भरत नाही. सुमनताई तुळशीजवळ वेताचा मोडा टाकून बसायची आणि रस्त्यानं जाणाऱ्यांना हाक मारायची. बायका हसून हात करायच्या आणि पावलं जरा उचलायच्या. खानझोडे तिला म्हणायचा, "विसरतील न लोक, किती दिवस लक्षात ठेवतील?" हे तो म्हणत होता! लोकांनी काय लक्षात ठेवावं हे ज्याला कळत होतं, त्यानं हे म्हणावं!

मग ती आजारी पडली. पोटाचं दुखणं होतं, कारखान्याच्या दवाखान्यात निघालं तेव्हा उशीर झाला होता. अशा दुखण्यानं माणसं जातात, भोपाळातच पलीकडच्या कोटरा सुल्तानाबादेत जातात, पुण्यात जातात, त्यांच्या अंगणात काहीही लावलेलं असो. पण मला माहीत होतं बाहेर काय बोललं जातंय. तिलाही माहीत होतं. शेवटच्या दिवसांत मी भाताची पेज घेऊन गेले होते. खानझोडे उशाशी बसला होता. ती त्याला म्हणाली, "एक ऐकाल?"

"बोल न."

"मला त्या गोष्टीत घालू नका."

तो रडायला लागला. ते धुळीचं पाणी नव्हतं, खरं रडणं होतं. तेवढा फरक मला कळतो. "नाही घालणार," तो म्हणाला. "तुझी शपथ." तिनं त्याचा हात दोनदा थोपटला, मुलाचा थोपटावा तसा, आणि मला म्हणाली, "ताई, तुळशीला पाणी घालायला सांगत जा यांना."

ती गेली त्यानंतर तो बसमध्ये बोलेनासा झाला. उलट्या सीटवर बसायचा, पण तोंड वळवून ड्रायव्हरशेजारच्या काचेतून बाहेर बघत. लोकांनी सुरुवातीला "खानझोडेजी, कुछ सुनाइए" म्हणून पाहिलं, मग सोडून दिलं. सकाळी मी फिरायला जायचे तेव्हा तो तांब्या घेऊन तुळशीपाशी दिसायचा. पाणी घालायचा, वाळलेल्या मंजिऱ्या खुडायचा. मला वाटू लागलं होतं की माणूस उशिरा का होईना सुधारला. मनातलं माझं मत मी थोडं मऊ केलं होतं.

त्याच्या निवृत्तीचा दिवस आला. भांडारात समारंभ झाला, हार घातला, भिंतीवरचं घड्याळ दिलं. हार गळ्यात आणि घड्याळाचं खोकं मांडीवर घेऊन तो परतीच्या बसमध्ये आपल्या सीटवर बसला. त्याचं क्वार्टर आता वैद्य नावाच्या नवीन माणसाला मिळायचं होतं. अकोल्याचा तरुण, नुकतं लग्न झालेलं, बायको पहिल्यांदा गरोदर. कुणीतरी त्याला अर्थात सांगितलेलं होतं. तो उठून खानझोडेसमोर उभा राहिला, वरची दांडी धरून, आणि म्हणाला, "काका, लोक काहीबाही बोलतात. तुम्ही इतकी वर्षं राहिलात. घ्यावं की नाही, खरं काय ते तुम्ही सांगा."

सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. मी विणत होते. मी मनात म्हटलं, सांग आता, सुमनताईसाठी सांग.

"काही नाही रे," खानझोडे म्हणाला. "चांगलं क्वार्टर आहे. नळाला पाणी आहे, पेरू आहेत. तू बिनधास्त घे."

तो खरं बोलला. आणि मी पाहिलं, त्यानंही पाहिलं, की दुसऱ्या रांगेतल्या माणसानं जांभई दिली. मागं कुणीतरी वर्तमानपत्र उघडलं. सक्सेनाजी खिडकीकडे वळले. एकेक मान फिरत चालली. वैद्य "बरं" म्हणून परत जागेवर जायला निघाला.

खानझोडेचा हात खिशाकडे गेला. डबी निघाली, अडकित्ता निघाला.

"बैठो वैद्य," तो म्हणाला. इथं त्यानं भाषा बदलली. वैद्यला मराठी चांगली कळत होती; हिंदीची गरज बसला होती. आवाज खाली आणून तो म्हणाला, "मेरी पत्नी भी यही कहती थी. कुछ नहीं है, कुछ नहीं है. बड़े चाव से तुलसी लगाई उसने. अपने हाथों से."

वर्तमानपत्र मिटलं. सगळ्या माना परत आल्या. त्याचे डोळे भरले होते, आणि ते खरंच भरले होते की नाही हे आता मलाही सांगता येईना. "रोज शाम को उसके पास बैठती थी. सड़क की तरफ देखती रहती थी, जैसे किसी को बुला रही हो. मैं पूछता, सुमन, किसको बुला रही हो?" सुपारी कातरली गेली. "और एक दिन उस तुलसी में..."

मला सगळं माहीत होतं. ती कुणाला बोलवत होती ते माहीत होतं, माती मी वाहिली होती, शपथ त्यानं माझ्यासमोर घेतली होती. तरी माझ्या सुया थांबल्या होत्या आणि मी पुढच्या शब्दाची वाट बघत होते. ह्याबद्दल मी त्याला कधीही माफ करणार नाही.

बस थांबली. त्याचा स्टॉप आला होता. तो उठला, घड्याळाचं खोकं काखेत घेतलं आणि उतरला. "फिर?" सक्सेनाजी ओरडले. "खानझोडेजी, फिर क्या हुआ तुलसी में?" वैद्य पांढराफटक पडून बसला होता. त्यानं ते क्वार्टर घेतलं नाही.

मी मोठ्यानं म्हटलं, "अहो, ती बघा तुळस, समोर आहे!" कुंपणावरून ती बसमधून स्पष्ट दिसत होती, कमरेएवढी, हिरवीगार. सकाळीच त्यानं तिला पाणी घातलं होतं. पण तिच्याकडे कुणी बघत नव्हतं, सगळे त्याच्याकडे बघत होते. खानझोडे हार सावरत फाटकापाशी गेला, कडी काढली, आणि आयुष्यात पहिल्यांदा मागं वळला. तुळस त्याच्या हाताशी होती. त्यानं पाहिलं बसकडे, खिडक्यांत डोकी आहेत की नाहीत ते.